समितीवर नाव आलंय, आता ठाण्याला काय विचारायचं?

उत्तर नागपुरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "मी बचत गटाचं काम करते. आमच्या ठाणेदार साहेबांनी मला वस्तीच्या समितीवर घेतलं. बैठका होतात त्या सणाच्या तोंडावर. चहा होतो, फोटो होतो, संपलं. वस्तीतली पोरं म्हणतात, काकू आता पोलिसांच्या झाल्या. पोलिसांच्या कामावर लोकांची नजर असावी आणि लोकांचा पोलिसांवर भरोसाही बसावा, मला दोन्ही हवं आहे. नेमकं करायचं काय?"

ताई, मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते आणि बरीच वर्षं वस्ती आणि ठाणं यांच्या मधल्या बैठकांत बसत आले आहे. तुम्हाला हव्या असलेल्या दोन गोष्टींचा क्रम माझ्या मनात पक्का आहे: आधी नजर, मग भरोसा. ठाण्यात काय चाललंय ते लोकांना दिसायला लागलं, विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर यायला लागलं, की भरोसा हळूहळू बसतो. क्रिकेटचे सामने, राखीपौर्णिमा, रक्तदान शिबिर हे सगळं चांगलंच आहे. पण ज्या बाईची तक्रार ठाण्यात कोणी लिहून घेतली नाही, तिचं मत ठाण्यातल्या राखीने बदलत नाही.

तुमच्या समितीला नेमकं कोणतं काम दिलंय, ते आधी तपासा. आपल्याकडे एकाच खुर्चीवर तीन वेगळी कामं बसवलेली असतात. एक काम पोलीस मित्राचं: रात्रीच्या गस्तीला सोबत, मिरवणुकीत गर्दी आवरणं, संशयास्पद काही दिसलं तर कळवणं. दुसरं शांतता समितीचं: गणपतीचा मार्ग, डीजेची वेळ, रामनवमीची शोभायात्रा, मारबत, ताजबागचा उरूस. दोन्ही कामं पोलिसांना मदत करण्याची आहेत आणि गरजेची आहेत. तिसरं काम म्हणजे ठाण्याच्या कामावर नजर ठेवणं. ते ठाणेदार तुम्हाला देणार नाहीत, आणि त्यांनी द्यावं अशी अपेक्षाही मी करत नाही. ज्याचं काम तपासायचं त्यानेच तपासणारे निवडले तर त्या तपासणीला वस्तीत किंमत उरत नाही. पोरं तुम्हाला जे म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. तुमचा प्रामाणिकपणा त्यांना खटकत नसेल, तुमची नेमणूक कोणी केली ते खटकतंय. या तिसऱ्या कामाला नेमणूक लागतच नाही. माहितीचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, फौजदारी संहितेने तक्रारदाराला हक्क दिलेत, आणि सर्वोच्च न्यायालयाचे काही आदेश प्रत्येक ठाण्याला लागू आहेत. तेवढ्यावर बरंच काही करता येतं.

हे नागपुरात इतकं महत्त्वाचं का, ते इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी अक्कू यादव या गुंडाला जामिनाच्या सुनावणीसाठी आपल्या जिल्हा न्यायालयात आणलं होतं. तिथे कोर्टातच जमावाने त्याला ठार मारलं. कस्तुरबा नगरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं अत्याचार आणि खंडणी सोसली होती. पोलिसांकडे गेलं तर काही होत नाही, उलट गेलेल्याचं नाव गुंडाला कळतं, असं वस्तीचं म्हणणं होतं. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या घटनेचं जगभर वर्णन झालं, बायकांच्या धैर्याचं कौतुक झालं. मला त्यातली वेगळीच गोष्ट सतत टोचते. त्या वस्तीने आधी ठाण्याचा रस्ता धरला होता. तो रस्ता बंद झाल्यावर जे झालं ते झालं. तक्रार लिहून घ्यायला आणि तक्रारदाराचं नाव सांभाळायला कोणी भाग पाडलं असतं, तर कदाचित ती दुपार आलीच नसती.

अलीकडचं बोलायचं तर १७ मार्च २०२५ ची रात्र. महाल, भालदारपुरा, हंसापुरी इथे दगडफेक, जाळपोळ झाली आणि शहराच्या बऱ्याच ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. अशा रात्री मोबाईलवर अफवा धावत असतात आणि वस्तीत कोणाचा शब्द ऐकला जाईल, हे आधीच्या कितीतरी महिन्यांत ठरून गेलेलं असतं. ज्याने कधी कोणाचा अर्ज ठाण्यात पोचवून उत्तर आणून दिलं असेल त्याचं ऐकतात. फक्त फोटोत दिसणाऱ्याचं ऐकत नाहीत.

आता काम. माझा सल्ला असा की एकच ठाणं धरा, आणि दर महिन्याला तेच ते मोजके प्रश्न विचारा. मोठमोठी निवेदनं नकोत. "पोलिसांची दडपशाही थांबवा" या निवेदनाला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. "गेल्या महिन्यात आमच्या बीटमधून किती तक्रार अर्ज आले, किती दखलपात्र म्हणून नोंदले, किती अदखलपात्र ठरले" याला आकड्याने उत्तर द्यावं लागतं. (बीट म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला एका अंमलदाराकडे दिलेला भाग. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात, अदखलपात्रात नाही.)

पहिला प्रश्न पोच देण्याचा. वस्तीतली बाई ठाण्यात जाते, अंमलदार ऐकून घेतो, "बघतो" म्हणतो, ती घरी येते. तिच्या हातात काहीच नसतं. दोन महिन्यांनी ती म्हणते तक्रार दिली होती, ठाणं म्हणतं आलीच नव्हती. म्हणून अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. तुमच्या बचत गटातल्या लिहिता येणाऱ्या दोघी-तिघींनी एवढंच काम अंगावर घेतलं तरी वस्तीत फरक पडतो. इतक्या साध्या कागदावर पुढची सगळी दाद अवलंबून असते, हे मी रोज कोर्टात बघते.

दुसरा प्रश्न एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा. मारहाण झाली, रक्त आलं, तरी अदखलपात्र लिहून बोळवण करायची, ही तक्रार नागपुरातल्या प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ ला स्पष्ट सांगितलं की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता आणखी काही गोष्टी आल्या आहेत. गुन्हा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडला यावरून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन कळवलं तरी चालतं, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. "प्राथमिक चौकशी चालू आहे" हे उत्तर वर्षभर देता येत नाही: तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने अशी चौकशी करता येते, आणि ती चौदा दिवसांत संपवायची असते. खरोखर अदखलपात्र असेल तरी त्याची नोंद करून तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगणं हे पोलिसांचं काम आहे. बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवून घ्यायला नकार देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी होऊ शकते. हे ठाण्यात भांडायला वापरू नका. शांतपणे, कलम क्रमांकासह अर्जात लिहा. लिहिलेल्या कलमाकडे लक्ष जातं.

नोंदवलेले गुन्हे तुम्ही स्वतःही मोजू शकता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार, लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं सोडून बाकी एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायच्या असतात. वस्तीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला दर आठवड्याला तुमच्या ठाण्याच्या एफआयआर उतरवून ठेवायला सांगा. तीन-चार महिन्यांनी बैठकीत बसाल तेव्हा तुमच्याकडे आकडे असतील आणि बोलण्याचा सूर आपोआप बदलेल.

तिसरा प्रश्न अटकेचा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा एक अधिकारी अटक केलेल्यांची माहिती ठेवण्यासाठी नेमलेला असायला हवा, आणि ती माहिती ठाण्यात ठळकपणे लावलेली असायला हवी. तो अधिकारी कोण, फलक कुठे, हे विचारा. रात्री दोन वाजता पोराला उचलून नेलं आणि आई तीन ठाणी फिरते, "आमच्याकडे नाही" असं ऐकत, हे थांबवायचा हा सर्वात सोपा मार्ग आहे. १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी हे नियम आहेत, आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आई-बापांना हे नियम पाठ करायला लावू नका. एकच करायला सांगा: तुम्हाला फोन, आणि तुम्ही त्या नेमलेल्या अधिकाऱ्याला फोन.

चौथा प्रश्न कॅमेऱ्यांचा आहे आणि यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण लोकांच्या हातात असलेलं इतकं धारदार साधन दुसरं नाही आणि ते फार कमी वापरलं जातं. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायचा आदेश दिला. कुठे, तेही सांगितलं: येण्या-जाण्याच्या सगळ्या वाटा, मुख्य दार, लॉकअप आणि त्याच्या बाहेरची जागा, व्हरांडे, स्वागतकक्ष, निरीक्षकांची आणि उपनिरीक्षकांची खोली, ड्युटी ऑफिसरची खोली, ठाण्याची मागची बाजू, स्वच्छतागृहाच्या बाहेर. चित्रासोबत आवाजही आला पाहिजे, रात्रीचंही दिसलं पाहिजे. चित्रण अठरा महिने राखायचं, तेवढी क्षमता बाजारात मिळत नसेल तरी एका वर्षापेक्षा कमी नाही. शिवाय ठाण्यात सर्वांना दिसेल असा फलक लावायचा: हा परिसर कॅमेऱ्याखाली आहे, हक्कांचं उल्लंघन झालं तर मानवी हक्क आयोगाकडे किंवा न्यायालयाकडे दाद मागता येते, आणि ते चित्रण जपून ठेवायला सांगायचा पीडित व्यक्तीला हक्क आहे.

या आदेशात आणखी एक गोष्ट आहे जी तुमच्या प्रश्नाच्या अगदी गाभ्यात येते. कॅमेऱ्यांवर देखरेखीसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक समिती असावी, तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचे प्रमुख असावेत, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे पोलीस ठाण्याच्या आत काय घडतं ते बघायच्या समितीवर लोकांनी निवडून दिलेला एक माणूस बसवला. आता आपल्या शहराचं बघा. महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासक राहिले. महापौरच नव्हता, तर ती खुर्ची कोण भरणार? रस्ते आणि पाण्यासाठी निवडणुकीची वाट बघणारे आपण, या खुर्चीबद्दल कोणी बोलल्याचं मी ऐकलं नाही. तुमच्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा नाली आणि पथदिव्यांसोबत हेही विचारा: जिल्ह्याच्या या समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तिचं इतिवृत्त कुठे आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकारात हेच मागता येतं. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर.

आणि कोणाला ठाण्यात मारहाण झाली तर त्याच दिवशी दोन कागद व्हायला हवेत. एक, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत तपासणी, आणि दुखापत कशी झाली ते डॉक्टरांना सरळ सांगणं, म्हणजे ते नोंदीत येतं. दुसरा, त्या ठाण्याच्या अमुक तारखेच्या अमुक ते अमुक वेळेतलं चित्रण जपून ठेवा, असा लेखी अर्ज ठाणेदारांना, प्रत झोनच्या डीसीपींना, म्हणजे पोलीस उपायुक्तांना. लोक तक्रारीचा मसुदा, साक्षीदार, वकील यात महिने घालवतात, आणि तोवर "कॅमेरा त्या दिवशी बंद होता" हे उत्तर तयार झालेलं असतं. कॅमेरा बंद होता तर तो कधीपासून बंद होता आणि कोणाला कळवला होता, याचीही नोंद असावी लागते. ती मागा.

एफआयआर नोंदवली गेलीच नाही तर वरची पायरी डीसीपींची आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली त्यांना लेखी कळवायचं, तरीही काही झालं नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. डीसीपींना पाठवलेल्या अर्जाची पोच नसेल तर कोर्टात पुढची पायरी चढता येत नाही, म्हणून मघाशी पोच देण्यावर इतका भर दिला. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा क्रमांक भिंतीवर रंगवून ठेवण्यासारखा आहे.

पोलिसांच्या वागणुकीबद्दलच्या गंभीर तक्रारीसाठी वेगळं दार आहे, निदान कायद्यात आहे. प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याच्या जागी विभाग धरला. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम मोडून केलेली अटक, लाच, खंडणी, जागा बळकावणं अशा तक्रारी तिथे जातात. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात, पण सदस्यांत सेवेतले वरिष्ठ पोलीस अधिकारीही बसतात, आणि प्राधिकरणाच्या अहवालावर प्रत्यक्ष कारवाई सरकारच्या हातात राहते. माझं मत विचाराल तर या दोन्ही गोष्टींनी प्राधिकरणाचा कणा मऊ झाला. जिल्ह्यात प्राधिकरण असतं तर गडचिरोलीच्या किंवा गोंदियाच्या माणसाला नागपूर गाठावं लागलं नसतं, आणि सेवेतला अधिकारी समोर बसलेला नसता तर साक्ष देणाऱ्याचा घसा कोरडा पडला नसता. तरीही तिथे अर्ज करा. न वापरलेली संस्था सरकारला बंद ठेवणं फार सोपं जातं. मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. नंतर आयोग चौकशी करू शकत नाही.

समितीत कोण असावं, हा भाग मला सगळ्यात कळीचा वाटतो. नेमणूक कोणाकडून आली यापेक्षाही, बसलेल्या माणसांकडे बघून वस्ती ठरवते. ठाण्यातून माणसं सोडवून आणायचे पैसे घेणारा प्रत्येक वस्तीत एखादा असतो. तो समितीवर आला की समिती संपली. राजकीय पक्षाचा पदाधिकारी असू नये असं मी म्हणत नाही, पण निम्म्याहून जास्त जागा बायकांच्या असाव्यात, दर वर्षी काही चेहरे बदलावेत, आणि ज्याच्या घरच्याला कधीतरी अटक झाली होती असा एक तरी माणूस असावा. ठाण्याच्या आतलं वागणं त्याने पाहिलेलं असतं, आपण फक्त बाहेरचं बाकडं पाहिलेलं असतं. आणि ओळखपत्र, शिट्टी, काठी यातलं काहीही समितीने घेऊ नये.

हे मी तमिळनाडूकडे बघून म्हणते आहे. रामनाथपुरमला १९९३ मध्ये 'पोलिसांचे मित्र' ही योजना सुरू झाली, हेतू चांगला होता, राज्यभर पसरली. जून २०२० मध्ये सातानकुलम इथे जयराज आणि त्यांचा मुलगा बेनिक्स यांचा कोठडीतल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा या स्वयंसेवकांवरही आरोप झाले आणि पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने त्यांचा वापर बंद केला. ठाण्याच्या आत वावरायची मुभा असलेला, पण कोणालाच जबाबदार नसलेला नागरिक लोकांना पोलिसापेक्षाही जास्त भीतीदायक वाटतो.

चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत, १९८८ च्या सुमारास उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, सोबत खालच्या दर्जाचा पोलीस कर्मचारी, आणि नियमित बसणं. पुढारी मंडळींना त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांची ताकद सणाच्या बैठकीत नव्हती. नळाचं भांडण, रस्त्यावर लावलेली गाडी, दोन घरांतली कुरबुर यावर लोक आणि पोलीस वर्षभर एकमेकांशी बोलत होते. आपल्याकडे बीट अंमलदार महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तुमच्या समाजभवनात तासभर बसला तर मी ते कोणत्याही सामन्यापेक्षा मोठं मानेन.

त्या बीट अंमलदाराची बाजूही समजून घ्या, आणि हे मी मनापासून सांगते. नागपुरात डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन आलं की मोर्चांचा बंदोबस्त, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी लाखो लोक, मग निवडणुका, सभा, व्हीआयपी. ठाण्यातली निम्मी माणसं बाहेर असतात आणि उरलेल्यांनी तपास करायचा, समन्स बजावायचे, रात्रपाळी करायची. तपास आणि बंदोबस्त यांची माणसं वेगळी करा, असंही २००६ च्या त्याच प्रकाश सिंह निकालात सांगितलंय. ते नीट झालं असतं तर तुमच्या चोरीच्या तक्रारीचा तपास अधिकारी मोर्च्यात उभा दिसला नसता. म्हणून महिन्याच्या पत्रात एक ओळ अशीही ठेवा: ठाण्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि या महिन्यात किती दिवस माणसं बंदोबस्ताला गेली. हा प्रश्न विचारल्यावर एका ठाण्यातल्या हवालदारांनी मला पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली. त्यांच्या बाजूने कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी नीट काम केलं असेल तर तेही नावानिशी लिहा, प्रत डीसीपींना पाठवा. तक्रारीइतकीच ती नोंदही त्यांच्या कामी येते.

अमेरिकेतल्या टॉम टायलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून एक गोष्ट तपासून दाखवली आहे: निकाल आपल्या बाजूने लागला की नाही, यापेक्षा आपलं ऐकून घेतलं का, मानाने वागवलं का, कारण सांगितलं का, यावर लोक पोलिसांबद्दल मत बनवतात. माझा अनुभवही तोच आहे. चोरलेली दुचाकी मिळाली नाही तरी "ताई, कॅमेरे बघितले, गाडी कामठी रोडने गेली, पुढचं चित्र मिळालं नाही" असं कोणी सांगितलं तर माणूस समाधानाने घरी जातो. नव्या संहितेत तर तपासाची प्रगती नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवणं बंधनकारक आहे. किती तक्रारदारांना कळवलं, हाही तुमच्या पत्रातला एक प्रश्न.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्या. समितीवर आलात की लोक भांडणं घेऊन येतील, आणि ठाणंही म्हणेल, "ताई, तुम्हीच मिटवा." नळाचं भांडण मिटवा. पण नवऱ्याची मारहाण, मुलीची छेड, जातीवरून शिवीगाळ यात समझोता करायला बसू नका. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली तुमचाच गुन्हा ठरतो. घरातल्या छळाला नागपुरात पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथे समुपदेशक आणि कायदेशीर मदत मिळते. बाईला तिथे सोबत घेऊन जा. "बाईचं घर वाचवलं" म्हणून समितीचा सत्कार होतो आणि सहा महिन्यांनी तीच बाई जळालेल्या अवस्थेत मेडिकलला येते, अशी प्रकरणं मी कोर्टात पाहिली आहेत. त्या फायलींत समझोत्याच्या कागदावर पाच-सहा प्रतिष्ठितांच्या सह्या असतात.

भीतीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ती असणार. एकटीने ठाण्यात जायचं नाही, दोघी-तिघींनी जायचं. तोंडी वाद घालायचा नाही. तक्रारदाराचं नाव बैठकीत घ्यायचं नाही, आकडेच बोलायचे. कोणा एका अंमलदारावर राग काढायचा नाही. पत्रावर एकीची सही नको, दहा-बारा जणींची असू द्या. आणि आरोपी कोण, निर्दोष कोण हे समितीने ठरवायचं नाही, ते न्यायालयाचं काम आहे. या चौकटीत राहिलात तर तुमच्यावर "सरकारी कामात अडथळा" लावणं कठीण होतं.

पोरांच्या टोमण्याला बोलून उत्तर देऊ नका. ठाण्याकडून आलेलं प्रत्येक उत्तर बुद्ध विहारात किंवा समाजभवनात जसंच्या तसं वाचून दाखवा. "माहिती उपलब्ध नाही" असं आलं असेल तर तेही वाचा. उत्तरच आलं नाही तर "या महिन्यात उत्तर आलं नाही" हे वाचा. तुमच्या हाती ठाण्याचा कागद आहे आणि तो तुम्ही लपवत नाही, हे त्या पोरांनी तीन-चार वेळा पाहिलं की त्यांच्यातलाच एखादा एफआयआर उतरवायला येऊन बसेल.

पहिलं पत्र या आठवड्यात जाऊ द्या. त्यात पाच गोष्टी विचारा: गेल्या महिन्यातले अर्ज आणि त्यांतले दखलपात्र किती, अटकेची माहिती ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि फलक कुठे, ठाण्यात कॅमेरे किती, चालू किती आणि चित्रण किती महिन्यांचं, नव्वद दिवसांत प्रगती कळवलेल्या तक्रारदारांची संख्या, मंजूर आणि भरलेली पदं, सोबत बंदोबस्ताचे दिवस. भाषा सौम्य ठेवा, "माहिती मिळाल्यास वस्तीत वाचून दाखवू" असं शेवटी लिहा. प्रत झोनच्या डीसीपींना. पोच द्यायला कोणी नकार दिला तर हुज्जत न घालता तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. बीट अंमलदाराला समाजभवनात बोलवायचा पहिला दिवस मात्र असा निवडा की त्या आठवड्यात एकही सण नसेल.